इमर्जन्सीशेजारची खोली

नलूताई निवांत बसलेल्या मी फारशा पाहिल्याच नाहीत. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, आणि फोनवर बोलायचं तर वायर ताणली जाईल तिथपर्यंत फेऱ्या मारत. हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात त्या माझ्यासमोरची खुर्ची ओढायच्या, तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकवायच्या आणि तशाच उभ्या राहून बोलायच्या. कागदी कपातला चहा निम्मा झाला की त्यांना काहीतरी आठवायचं आणि त्या निघून जायच्या. कप तिथंच राहायचा. एक्स-रेच्या खिडकीत, लिफ्टच्या बाजूच्या कठड्यावर, कधी कुणा पेशंटच्या उशाशीसुद्धा. आमच्याकडची सफाईची बाई म्हणायची, डॉक्टर पी आज कुठून कुठे गेल्या ते मला कपांवरून कळतं.

डॉक्टर पी म्हणजे डॉक्टर नलिनी पांढरीपांडे. हे आडनाव त्या हॉस्पिटलात कुणाच्याही जिभेवर बसलं नाही. लाउडस्पीकरवरून बोलावताना ऑपरेटर इतकी अडखळायची, की एकदा नलूताई स्वतःच तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, तू नुसतं पी म्हण, उरलेल्या वेळात माझा एक पेशंट बघून होईल. माहेर यवतमाळचं, शिक्षण नागपूरचं. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली तरी बोलण्यातलं 'करून राहिले', 'होऊन राहिलं' गेलं नव्हतं. माझ्यासारख्या पुण्याच्या बाईला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे मीच घरी नवऱ्याला 'काय करून राहिलास' असं विचारायला लागले.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही एडिसन नावाच्या उपनगरात राहायचो. तिथल्या ओक ट्री रोडवर तेव्हा आपली दुकानं बोटांवर मोजण्याइतकी होती. हॉस्पिटल तिथून गाडीनं अर्ध्या तासावर, एका जुन्या कारखान्यांच्या गावात होतं. कारखाने एकेक करून बंद पडत चालले होते आणि त्यांच्याबरोबर गावातले डॉक्टरही दुकान आवरून दुसऱ्या उपनगरांत निघाले होते. मी इमर्जन्सीच्या खिडकीत बसायचे. आलेल्याचं नाव, पत्ता, काय होतंय, इन्शुरन्स आहे का, एवढं विचारून टाइप करायचं आणि त्याला बाकावर बसायला सांगायचं, हे माझं काम.

नलूताई तिथं नव्यानं रुजू झाल्या, त्या आठवड्यात त्या माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. छातीवरचं नाव वाचून सरळ मराठीत म्हणाल्या, "सुधा, ही एवढी माणसं इथं कशासाठी बसून राहिली?"

मी म्हटलं, इमर्जन्सी आहे ना, म्हणून.

त्यांनी मान हलवली आणि बाकांच्या रांगेत शिरल्या. त्यांची तिथं ड्यूटी नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. एकेका माणसासमोर थांबून त्या एकच प्रश्न विचारत होत्या: तुमचा डॉक्टर कोण? एका बाईच्या नातीचा कान ठणकत होता. एकाच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. एकाला खोकल्यानं महिनाभर झोप नव्हती. बहुतेकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी हातानं भोवतालची भिंत दाखवली. हाच आमचा डॉक्टर, ही जागा. परत आल्या तेव्हा नलूताईंचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्यांच्या घरातून न विचारता काही उचलून नेलंय.

"आजार लहान असताना भेटला पाहिजे," त्या म्हणाल्या. "मोठा झाला का ऐकत नाही कुणाचं."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की ते त्यांच्या तोंडून निघायच्या आधी मला त्यांच्या डोळ्यांत दिसायचं.

त्या वेळी इमर्जन्सीत आधी डोरोथी नावाची नर्स प्रत्येकाला बघायची. कुणाला ताबडतोब आत न्यायचं, कोण थांबू शकतं, हे ती ठरवायची. थांबू शकणाऱ्यांचं नशीब वाईट. ॲम्ब्युलन्स आली की ते मागे, दुसरी आली की आणखी मागे. सकाळी आलेली माणसं दुपार उलटली तरी बसलेली. काही कंटाळून निघून जायची. जाणाऱ्यांवर नलूताईंचं फार लक्ष. कुणी कोट चढवून दाराकडे चाललं की त्या हातातलं काम टाकून मागे जायच्या, पार्किंग लॉटमध्ये गाठून त्याचा घसा नाहीतर पाय बघायच्या. थंडीतसुद्धा. आत आल्या की हात चोळत हीटरजवळ क्षणभर थांबायच्या आणि पुन्हा निघायच्या.

मिस्टर सिमन्स हे त्यांचे लाडके पेशंट. तारेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, बोलायला अतिशय सभ्य. त्यांना डायबेटिस होता. थोडे दिवस गेले की साखर भयानक वाढून ते ॲम्ब्युलन्समधून यायचे, भरती व्हायचे, बरे होऊन घरी जायचे, पुन्हा यायचे. इन्शुलिन नीट घेता का, असं विचारलं की ते हो म्हणायचे. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की म्हातारा खोटं बोलतो.

एका फेब्रुवारीत नलूताई मला म्हणाल्या, सुधा, तुझी शिफ्ट संपली ना, गाडी काढ. त्यांची गाडी त्या दिवशी त्यांच्या यजमानांकडे, शरदरावांकडे होती. आम्ही मिस्टर सिमन्सच्या घरी गेलो. घर कसलं, एका किराणा दुकानावरची खोली. पलंग, खुर्ची, विजेची शेगडी. फ्रिज नव्हता. नलूताईंनी इन्शुलिन कुठे ठेवता म्हणून विचारलं. मिस्टर सिमन्स अभिमानानं उठले, खिडकी वर केली आणि बाहेर दोरीला बांधलेली कागदी पिशवी आत ओढली. पिशवीत बाटली होती. बाटलीतलं औषध गोठून बर्फ झालं होतं.

थंड जागी ठेवा असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, ते म्हणाले. उन्हाळ्यात ती खिडकीतच असायची, पण सावलीत. दर वेळी आत आणून ती वितळवायचे आणि न चुकता टोचून घ्यायचे. एकदा गोठलेल्या इन्शुलिनचा गुण जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नलूताई बाटली हातात धरून उभ्या होत्या. माझ्याकडे वळून हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, "बघ, आपण सांगितलेलं सगळं ऐकलं त्यांनी."

मग एकदम जिना उतरून खाली. दुकानाचा मालक पोर्तो रिकोचा होता. त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण नवी बाटली आणल्यावर त्यानं ती आपल्या दुधाच्या फ्रिजमध्ये, मागच्या कप्प्यात ठेवली. मिस्टर सिमन्स रोज सकाळी खाली येऊन इन्शुलिन घेऊ लागले, त्या निमित्तानं मालकाशी बोलू लागले. त्यांचं ॲम्ब्युलन्समधून येणं थांबलं. नलूताईंना मात्र त्याचा आनंद धड झाला नाही. परतीच्या वाटेवर त्या गाडीच्या काचेवर बोटं वाजवत होत्या. एक खिडकी बघितली, त्या म्हणाल्या, बाकीच्यांच्या कोण बघणार?

तिथून त्यांच्या डोक्यानं घेतलं, की इमर्जन्सीला लागूनच एक साधा दवाखाना हवा. ज्याचा जीव धोक्यात नाही त्यानं बाकावर दिवस काढण्याऐवजी शेजारच्या खोलीत यावं, डॉक्टरला भेटावं, आणि पुढच्या वेळी त्याच डॉक्टरकडे परत यावं. कान, खोकला, प्रेशर, साखर. आपल्याकडे गल्लीतला डॉक्टर बघतो तसं.

इमर्जन्सीचे प्रमुख डॉक्टर हॅलोरन. उंच, लष्करातून आलेले, बोलणं तोललेलं. त्यांचा या कल्पनेला विरोध होता, आणि तो खुनशीपणाचा नव्हता. त्यांचं म्हणणं असं की दवाखाना उघडला की गर्दी कमी होणार नाही, वाढेल. आणि दुसरं, जे ते नलूताईंना माझ्या खिडकीसमोरच म्हणाले. "आजार दारातून येताना आपलं नाव सांगत नाही. एक दिवस चुकीचा माणूस त्या खोलीत बसलेला असेल."

नलूताई म्हणाल्या, म्हणूनच ती खोली लांब नको, शेजारी हवी.

वर्षभर त्या मीटिंगांमागे धावल्या. शेवटी एक जुनी प्लास्टर घालायची खोली मिळाली, जिच्यात तोवर मोडक्या व्हीलचेअर ठेवलेल्या होत्या. खोलीचं दार बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उघडत होतं. नलूताई हटून बसल्या की इमर्जन्सीच्या बाजूची भिंत फोडून तिथं दार करा. ॲडमिनिस्ट्रेशननं सांगितलं, कॉरिडॉरमधून वळसा घालून यायला कितीसा वेळ लागतो? त्यावर या बाईंनी एका व्हीलचेअरवर ॲडमिनिस्ट्रेटरलाच बसवलं आणि वळसा घालून नेलं. वाटेत जेवणाच्या गाड्या, लिफ्टसमोरची गर्दी, एक बंद दार. पोचल्यावर म्हणाल्या, तुम्ही धडधाकट होता म्हणून बरं. दार झालं. भिंत फोडली त्या दिवशी सगळ्या इमर्जन्सीभर चुन्याची धूळ उडाली आणि डॉक्टर हॅलोरन रुमालानं नाक झाकून फिरत होते.

खोलीत कामाला दोघीच. नलूताई आणि मी. माझी खिडकीतून तिथं बदली झाली. डोरोथी ज्यांना पाठवायची ते येत. सुरुवातीला लोकांना वाटायचं, आपल्याला दुय्यम समजून बाजूला काढलंय. पण त्या खोलीत त्यांना कुणीतरी नावानं ओळखत होतं. नातीचा कान घेऊन येणारी बाई पुढच्या वेळी स्वतःचं प्रेशर तपासायला आली. खोकल्याचा माणूस बायकोला घेऊन आला. नलूताई तपासताना पेशंटला आधी त्याच्या कामाबद्दल विचारायच्या. काय उचलता, उभं राहता का बसता, जेवण कधी. त्यांच्या प्रश्नांना क्रम नसायचा. कान तपासता तपासता पायातले बूट कसे आहेत ते विचारतील. उत्तर ऐकताना त्यांचं एक बोट स्टेथोस्कोपच्या नळीवर टकटक करत असे.

आमच्या एडिसनच्या मराठी लोकांत नलूताईंबद्दल कौतुक कमी, कोडं जास्त. गणपतीला नाहीतर कुणाच्या घरच्या जेवणाला त्या उशिरा यायच्या, लवकर निघायच्या. शरदराव मात्र शांतपणे पंगतीला बसायचे आणि बायकोच्या वाटच्याही गप्पा मारून घ्यायचे. एकदा एका हार्टच्या डॉक्टरांनी नलूताईंना सगळ्यांदेखत विचारलं, नलिनी यार, तू अजून त्या इमर्जन्सीच्या बोळात काय करतेस? प्रायव्हेट प्रॅक्टिस ओपन कर, लाइफ एन्जॉय कर. नलूताईंनी विचारलं, तुमच्या ऑफिसात गरिबांच्या सरकारी मेडिकल कार्डवाले पेशंट घेता का? ते म्हणाले, नाही, परवडत नाही. मग नलूताई म्हणाल्या, "ते कुठं जातात मग, कधी विचारलं?" आवाज चढलेला नव्हता. पण त्या घरच्या काकूंनी श्रीखंडाचं भांडं पुढे केलं आणि विषय बदलला. नलूताईंची शाळकरी मुलगी मीरा शेजारीच उभी होती. ती मला म्हणाली, "शी डज धिस एव्हरीव्हेअर." वैतागून म्हणाली, पण तिनं आईची पर्स आणि कोट हातात धरूनच ठेवला होता. निघायची वेळ झाली हे तिला माहीत होतं.

मग मिस्टर नोवाक आले.

पन्नाशीचा माणूस, बेकरीत काम करणारा. पाठीत उसण भरलीय म्हणून इमर्जन्सीत आला होता. डोरोथीनं बघून आमच्याकडे पाठवलं. नलूताईंनी नेहमीसारखं कामाचं विचारलं. पिठाची पोती उचलतो, आदल्या दिवशीही उचलली होती, तेव्हापासून दुखतंय. प्रेशर थोडं जास्त होतं. छातीत दुखतं का, दम लागतो का, पायात मुंग्या येतात का, सगळं विचारलं. नाही, नाही, नाही. मला आठवतंय, तो हसून म्हणाला होता की बायको जबरदस्तीनं पाठवते. नलूताईंनी गोळ्या दिल्या, उचलायचं काम बंद करायला सांगितलं, दुखणं वाढलं किंवा वेगळं काही वाटलं तर ताबडतोब परत या, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी तो घरीच वारला. छातीतून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती.

हॉस्पिटलनं खोली त्याच दिवशी बंद केली. हॉस्पिटलच्या वकिलांनी नलूताईंना स्पष्ट सांगितलं की नोवाकच्या घरच्यांशी एक शब्दही बोलायचा नाही. त्या दिवसांत त्या इमर्जन्सीतच काम करत होत्या. काम चोख, पण हालचालीतला वेग बिघडला होता. औषधाच्या कपाटाकडे जायच्या आणि तिथं पोचल्यावर कशासाठी आलो ते विसरून परत यायच्या. शरदरावांनी मला फोन करून विचारलं, ती तिथं काही खाते का? घरी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरून राहिली आहे. शरदरावही नागपूरचेच.

आणि एका दुपारी मिसेस नोवाक आल्या. काळा कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. खोली बंद असल्यामुळे मी पुन्हा खिडकीत होते. त्यांनी मला विचारलं, ती इंडियन डॉक्टर कुठे आहे? मी डोरोथीकडे पाहिलं. तेवढ्यात नलूताई आतून बाहेर आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आवाज ऐकला असावा. डोरोथीनं त्यांचा हात धरला. नलूताईंनी तो हळूच सोडवला.

"मी डॉक्टर पी," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांना मीच तपासलं. मीच घरी पाठवलं."

मिसेस नोवाक ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या अगदी हळू बोलल्या. "तो इमर्जन्सीत आला होता. मी त्याला इमर्जन्सीत पाठवलं होतं. तुम्ही त्याला बाजूच्या खोलीत का नेलंत?"

नलूताई म्हणाल्या, त्यांचं दुखणं साधं वाटलं म्हणून. मग म्हणाल्या, माझं चुकलं की नाही ते मला अजून ठरवता येत नाहीये. पण माझ्या हातून ते घरी गेले, हे खरं आहे, आणि ते मी कुणापुढेही नाकारणार नाही.

मिसेस नोवाकनी मान डोलावली, हो म्हणून नाही, ऐकलं म्हणून. त्या दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला होता की डॉक्टर चांगली आहे, तिनं बेकरीबद्दल विचारलं, असं त्या म्हणाल्या आणि निघाल्या. नलूताई त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेल्या, बाहेर बसच्या थांब्यापर्यंत गेल्या. बस येईपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. काचेतून मला दोघींच्या पाठी दिसत होत्या.

या भेटीबद्दल वकील अर्थातच भडकले. खोली कायमची बंद करायची की नाही यासाठी मोठी मीटिंग बोलावली गेली. मीटिंगमध्ये मी नव्हते. डोरोथीला बोलावलं होतं, तिनं नंतर मला सांगितलं. सगळ्यांना वाटत होतं की डॉक्टर हॅलोरन आता म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी नोवाकचा केसपेपर समोर ठेवला आणि म्हणाले की ही केस मी पुन्हा पुन्हा वाचली. हा माणूस माझ्या खोलीत आला असता तर त्याला मीही हेच विचारलं असतं, कदाचित यातलं निम्मंच विचारलं असतं, आणि मीही घरीच पाठवलं असतं. त्या कारणासाठी खोली बंद करायची तर माझं डिपार्टमेंटही बंद करा.

मग ते नलूताईंकडे वळून म्हणाले, मला फक्त एक बदल हवा. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला आधी माझा डॉक्टर बघेल. नुसती नर्स नाही. यावर ॲडमिनिस्ट्रेशननं माणसं कुठून आणायची म्हणून कुरकुर केली. डॉक्टर हॅलोरन म्हणाले, सुरुवात माझ्यापासून करा.

डोरोथीनं सांगितलं, त्या वेळी डॉक्टर पी खिडकीशी उभ्या होत्या, तोंड बाहेर करून.

खोली उघडली. बंद होती तेवढे आठवडे लोक त्या दाराशी येऊन उभे राहत आणि मग नाइलाजानं बाकांवर जाऊन बसत. उघडल्यावर पहिल्याच सकाळी रांग लागली. मिस्टर सिमन्स रांगेत सर्वांत पुढे, टाय लावून. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. दार उघडतंय का ते बघायला आलो, असं म्हणाले.

पण नलूताई पूर्वीच्या राहिल्या नाहीत. पाठीच्या दुखण्याचा माणूस आला की त्या दोन्ही दंडांवर प्रेशर घेत, दोन्हींत फरक येतो का बघत, पुन्हा घेत, पोटावर हात ठेवून खूप वेळ उभ्या राहत. शंका आली की मधल्या दारातून पेशंटला घेऊन सरळ डॉक्टर हॅलोरनसमोर. त्यातून काही जीव वाचलेही. एका बाईचं जबड्याचं दुखणं हार्टचं निघालं. नलूताईंनी स्वतः व्हीलचेअर ढकलत तिला पलीकडे नेलं, आणि त्या दाराचा उपयोग त्या दिवशी सगळ्यांना कळला. तरी घरी पाठवलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी फोन करायची त्यांना सवयच लागली. कसं वाटतंय, जेवलात का, दुखणं कुठे सरकलं का. फोन लागला नाही की त्या अस्वस्थ. एकदा डॉक्टर हॅलोरन म्हणाले, पी, तू प्रत्येकाच्या मागे घरापर्यंत जाऊ शकत नाहीस. नलूताई म्हणाल्या, माहीत आहे. आणि पुढचा नंबर फिरवला.

मिसेस नोवाक पुन्हा कधी आल्या नाहीत. कायद्याच्या बाजूचं जे काही होतं ते बंद दाराआड मिटलं, आम्हाला कळलं नाही. नलूताईंनी त्यांचं नाव माझ्याजवळ एकदाच काढलं. हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. त्या म्हणाल्या, "तिचा प्रश्न बरोबर होता गं. त्याला उत्तर द्यायचं म्हणून तं करून राहिले सगळं. पण उत्तर होत नाही ते." समोरच्या गाड्या हलल्या.

दशक संपत आलं तेव्हा ती खोली हॉस्पिटलला एवढी हवीहवीशी झाली होती की तिला मोठी जागा मिळाली, मधलं दार रुंद झालं, आणखी नर्सेस आल्या, एक तरुण डॉक्टर आला. माहितीपत्रकात तिचा फोटो छापला, त्यात नलूताई नव्हत्या कारण फोटोच्या वेळी त्या कुणाच्या तरी घरी गेल्या होत्या. त्याच सुमारास शरदरावांच्या कंपनीनं त्यांची बदली जॉर्जियात केली. अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा, तेव्हा नकाशात शोधावं लागणारं गाव. मला वाटलं, नलूताई नाही म्हणतील. पण त्यांनी तिथल्या जवळच्या हॉस्पिटलला आधीच फोन करून विचारलं होतं की तुमच्या इमर्जन्सीत रोज किती माणसं बसून असतात. आता थोडं थांबा की, मी म्हटलं, जरा घरी बसा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना एखाद्या परक्या भाषेत काहीतरी विचारलंय.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही केक आणला होता. डॉक्टर हॅलोरन भाषण करायला उभे राहिले आणि दोन वाक्यांनंतर चष्मा पुसत बसले. टाळ्या झाल्या. केक कापून बश्या फिरल्या आणि मी बघते तर नलूताई खोलीत नाहीत.

त्या पार्किंग लॉटमध्ये होत्या. ऑक्टोबरचा वारा होता. गाडीत सामान भरलेलं, इंजिन चालू, ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. गाडीशेजारी एक तरुण बाई कोटाची बटणं सोडून उभी होती आणि नलूताई तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावून ऐकत होत्या. बाई बहुतेक आत जायला आली होती आणि श्वास लागल्यामुळे वाटेत थांबली होती. नलूताईंनी तिच्या कमरेभोवती हात घातला आणि तिला हळूहळू इमर्जन्सीच्या दाराकडे नेऊ लागल्या. मी दुसरी बाजू धरायला धावले तर त्यांनी मला मानेनं गाडी दाखवली. मी त्या चालू गाडीजवळ उभी राहिले.

परत आल्या त्या जवळजवळ पळतच. केस विस्कटलेले. मला मिठी मारली, ती जेमतेम. "दमा आहे," त्या म्हणाल्या. "आत सांगितलं मी. पण घरी दोन मांजरं आहेत तिच्याकडे, ते सांगायचं राहिलं. तू जा, त्या नव्या पोराला सांग. मांजरं म्हणावं. विसरेल तो."

सांगते, मी म्हटलं. पत्ता पाठवा, पोचल्यावर फोन करा, असं बरंच काही बोलायचं होतं. त्यांनी दार ओढून घेतलं, गाडी वळवली. फाटकाशी गाडी थांबली. मागचे लाल दिवे लागले. त्यांना माझ्यासाठी काहीतरी आठवलंय असं मला वाटलं आणि मी दोन पावलं पुढे गेले. काच खाली झाली, हात बाहेर आला आणि त्या हातानं इमारतीकडे बोट केलं. एकदा, पुन्हा एकदा, घाईघाईनं. जा आत.

मी वळले आणि आत गेले. त्यामुळे गाडी फाटकातून कुठल्या बाजूला वळली ते मला दिसलं नाही.